आरपार बघणारा

आई, तू न पाहिलेली तुझी नात आता चौथीत आहे. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, असा आमचा संसार. परवा शाळेत प्रत्येकाला ग्रीक पुराणातला एकेक वीर निवडायचा होता. मोठमोठे वीर बाकीच्या पोरांनी पटकावले आणि हिच्या वाट्याला लिन्सिअस नावाचा कुणीतरी आला. मी तरी कुठे ऐकला होता! त्याची नजर म्हणे इतकी तीक्ष्ण, की जमिनीच्या पोटातलं, झाडाच्या खोडातलं सगळं त्याला आरपार दिसायचं. आमच्या बाईसाहेबांनी भर वर्गात सांगून टाकलं, की हे तर माझे बाबापण करतात.

पोरगी अगदीच खोटं बोलली नाही. इथे आखातात, मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये मी पाइपांच्या वेल्डिंगचे एक्स-रे तपासतो. वरून जोड गुळगुळीत असतो आणि आत केसाएवढी भेग असते. ती मला दिसते. फोरमन हबीबी हबीबी करत सही मागतो, मी देत नाही, अख्खा जोड कापायला लावतो. त्यामुळे जेवताना माझ्या शेजारी कुणी बसत नाही. न बसेना का! आठवडाभर कंपनीच्या खोलीत एकटा असतो, सुट्टीला अल कुसैसला घरी येतो. आज मायलेकी दोघी कुणाच्या तरी वाढदिवसाला गेल्यात. घरात फक्त एसीचा आवाज आहे, आणि मला तुझी फार आठवण येतेय.

तो मे महिना आठवतो. दहा दिवसांची रजा. तू ओट्यापाशी उभी राहून माझ्यासाठी घावने घालतेयस, तेही डाव्या हाताने. उजव्या हातात बांगड्या नाहीत. मी विचारतो, तर म्हणतेस, "उकाड्याने रुततात रे. तू खा गरम गरम." आणि पदर दंडावर ओढून घेतेस. कोपरापर्यंत हात सुजलाय. वरच्या फळीवरचा डबा मला काढायला सांगतेस. मी डबा काढून देतो आणि आणखी एक घावन वाढून घेतो.

तीन महिन्यांनी फोन आला तेव्हा छातीतली गाठ पसरून सगळं संपलं होतं. दिवसांना मावशी पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तू एवढा लांब, तुला कुठून कळणार?" मी मान हलवली. बायकोलाही पुढे तेच सांगितलं. बारा वर्षं मी तेच सांगतोय.

काल पोरगी मला तिची गोष्ट वाचून दाखवत होती. शत्रू पोकळ झाडात लपलेले असतात आणि लिन्सिअसला ते दुरून दिसतात. मी विचारलं, मग काय केलं त्याने? ती वैतागली. "ही टोल्ड हिज ब्रदर, बाबा. ऑब्व्हियसली."

आई, मला दिसलं होतं. पहिल्याच दिवशी दिसलं होतं. नोकरी नवी होती, प्रोबेशन चालू होतं. तुला डॉक्टरकडे नेलं असतं तर तिकीट पुढे ढकलावं लागलं असतं, म्हणून मी बांगड्यांचं तुझं उत्तर खरं धरलं. निघताना तू दारात उभी होतीस. मी आणखी एकदा विचारीन म्हणून थांबली होतीस, तेही मला कळत होतं.

दोघी आता येतीलच. हा कागद बायकोच्या हाती लागू नये, म्हणून कुठे ठेवावा ते बघतोय.