बाबांच्या होडीचं गाणं

सोमवार, ४ मार्च

पहिली टपकली ती शेजारची फ्लोरा. दारातूनच सुरू— "डॉर्कस, ऐकलंस का? पर्सीच्या पबात नवराबायको उतरलेत. तुझ्या अमोसच्या घरच्यांची चौकशी करतायत!"

माझा अमोस! जिवंत होता तेव्हा अख्ख्या इंग्लंडचा होता. रेडिओवर त्याची गाणी, लंडनच्या हॉलांत त्याची गाणी, शाळेतल्या पोरांच्या तोंडी त्याचीच. आता गेल्यावर माझा झाला होय! बाजारात त्याचा चेहरा छापलेली फडकीसुद्धा निघाली. फ्लोराने एक घेतलंय. माझ्या भावाच्या दाढीने बशा पुसते बया!

माझी सगळी बिस्किटं संपवून गेली.

मंगळवार, ५ मार्च

आलेच दोघं! मी ब्रेड-पुडिंग केलं होतं, मनुका जरा जास्तच पडल्या. माणसं आली की मला बरंच वाटतं, खोटं कशाला बोलू. नातवंडं नाताळलाच तोंड दाखवतात.

बाईचं नाव टॅमसिन. तिशीची. नखं अगदी बारीक कापलेली, हात धुऊन धुऊन लाल. नवरा बोलत नाही, पण खातो छान. तिसऱ्यांदा वाढलं तेव्हा लाजला!

पण ती पिशवी! मांडीवरून खाली ठेवेना. गाणी चोरायला टेपचं यंत्र, दुसरं काय? ती हात धुवायला उठली, नवऱ्याचं लक्ष पुडिंगात— मी हळूच डोकावले. लोकर आणि सुया. म्हणजे यंत्र नवऱ्याच्या कोटात असणार.

मला कुणी फसवू शकत नाही. आईच्या गाण्याचं काय झालं ते मी पाहिलंय. आमच्याकडे गाणं ज्याचं त्याचं असतं. शनिवारी पबात ज्याचं गाणं तोच म्हणतो, दुसऱ्याने म्हटलं तर लोक पाठ फिरवतात. माणूस गेला की गाणंही गप्प— त्याने कुणाला देऊन ठेवलं असेल तरच चालतं. द्यायचं म्हणजे समोरासमोर बसून, गुडघ्याला गुडघा लावून, हातात हात घेऊन. ओळ संपली की हात वर, मग खाली. आईने असं अमोसला दिलं. त्याने काय केलं? रेकॉर्ड काढली! मग ते गाणं ढोल बडवत साबणाच्या जाहिरातीत! मी रेडिओ बंद केला. त्याच्याशी बोलणंही.

एकच उरलंय. बाबा होडीसकट बुडाले त्याचं. अमोसने स्वतः रचलेलं, फक्त पर्सीच्या पबात, दार लावून म्हणायचा. रेकॉर्ड नाही. कुणाला दिलंही नाही. गेल्या हिवाळ्यात शहरातल्या इस्पितळात वारला तो ते घेऊनच. आता ते हवं असणार यांना!

बुधवार, ६ मार्च

पुन्हा आली, एकटीच. "आजी, पाय सुजलेत तुमचे. उशीवर ठेवा बघू." उशी स्वतःच सरकवली. गोड बोलून काढून घेतात हे लोक. उशीने बरं वाटलं मात्र.

गुरुवार, ७ मार्च

पर्सी भेटला. म्हणे, ती गाण्यांचं काहीच विचारत नाही. "तुमचंच विचारते, आजी. चिडतात का, दार लावून घेतात का."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, दार लावतात, पण आधी खाऊ घालतात."

मेला! पण माझी चौकशी कशाला? मी गेल्यावर घर बघायला टपलेत की काय?

शनिवार, ९ मार्च

कोट अजून अंगावरच. आधी लिहिते.

पबात सगळे होते. पर्सीने नेहमीसारखी लाकडी हातोडी टेबलावर आपटली, "गप्प बसा रे! पुढे कोण?" टॅमसिन उभी राहिली. आणि बाबांच्या होडीचं गाणं सुरू केलं!

शब्दन् शब्द बरोबर. कुणी ग्लास उचलेना. पर्सीने पाठ फिरवली. फ्लोराने फिरवली. मी उठले, कोट घेतला. शिव्या तोंडाशी आल्या होत्या— चोरटे, दरोडेखोर! दाराशी पोचले आणि वळून पाहिलं.

तिचे डोळे मिटलेले. उजवा हात पुढे, मूठ अर्धी उघडी. ओळ संपली— हात वर. मग खाली. हातात कुणाचा तरी हात असावा तसा.

हे टेपवरून येत नाही.

मी बसले. दारातल्याच खुर्चीवर.

रविवार, १० मार्च

सकाळी आले दोघं. ती त्या इस्पितळात नर्स आहे. मी गेलेच नाही तिथे, मला कसं कळणार? अमोसच्या खाटेशी बसून शिकली, रोज थोडं. पहिल्याच दिवशी का नाही बोललीस, विचारलं. "ते म्हणाले होते, माझं नाव काढशील तर दार लावेल. आधी गाणं ऐकव."

आणि अमोस म्हणाला होता— "हे तुझं नाही, पोरी. पोचवायचंय. डॉर्कस माझा हात धरायची नाही. तुझा धरेल."

शुक्रवारी परत येतो म्हणालेत. दोन खुर्च्या आजच समोरासमोर मांडून ठेवल्या.