बोर्डोची बाटली

७ नोव्हेंबर

आईनं बाटली पाहिलीच! बॅग उघडी टाकून मी चहा ठेवायला गेले, तेवढ्यात ही डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेली बाई चाचपडत माझे कपडे घडी करायला बसली. स्वेटरमध्ये गुंडाळलेली बाटली तिच्या हातात. उघड्या डोळ्याजवळ धरून लेबल वाचायचा प्रयत्न चाललेला. "काय हाय हे?" माझ्या तोंडून लेबलावरचाच शब्द निघून गेला – बोर्दो.

"बोर्डो? आपण मोसंबीच्या बुडाले लावतो ते?"

मी हो म्हणाले. बुडत्याला काडीचा आधार! मोरचूद आणि चुन्याचं ते निळं औषध आमच्या घरात मिठाइतकं ओळखीचं. हे निळं काऊन नाही, असं तिनं विचारलंच. म्हटलं, परदेशी आहे, आमच्या हॉटेलच्या बागेसाठी नमुने आहेत, हात लावू नको, विषारी असतं. मग तिनंच फर्मान काढलं – "गच्चीवरच्या खोलीत ठेव, पंपापाशी."

तर फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या वाईनच्या पाच छोट्या बाटल्या – तीन लाल, दोन गोड पांढऱ्या – आता फवारणीच्या पंपाशेजारी उभ्या आहेत. हसावं की रडावं!

८ नोव्हेंबर

आईच्या डोळ्यात दिवसभर थेंब घालायचे, तिला वाकू द्यायचं नाही, चुलीपाशी जाऊ द्यायचं नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठीच ही रजा मिळाली आहे. बाटल्या सोबत द्यायला हॉटेलच्या योगिनी मॅडम तयार झाल्या, हेच नशीब. हॉटेलच्या नव्या यादीसाठी एक लाल आणि एक गोड पांढरी निवडायची, पंधरा तारखेला मेल करायचा. माझ्यासोबत काम करणाऱ्या ऋत्विककडेही याच पाच बाटल्या आहेत. ज्याची निवड पटेल, त्याच्या हाती वाईनचं तळघर. दुसऱ्यानं ट्रे उचलत राहायचं.

मला दुसरं होऊन चालणार नाही. बाबांशी ठरलंय – या वर्षी बढती नाही मिळाली तर पुण्याहून परत यायचं, आणि मग येईल त्या स्थळासमोर पोहे घेऊन जायचं.

घरी सगळ्यांना वाटतं मी काउंटरवर बसते. बाबा माळकरी. नुसते गळ्यापुरते नाहीत. गेल्या उन्हाळ्यात धाड गावातल्या एका लग्नात बँडवाले प्यालेले दिसले, तर हे भरल्या पानावरून उठून आले. त्यांच्या पोरीची नोकरी काय, तर वाईन चाखायची. सांगू कसं!

९ नोव्हेंबर

पहाटे नाक सर्वांत साफ असतं. बाबा आणि गजेंद्रदादा मळ्यात गेले, आई झोपलेली. वर जाऊन तिन्ही लाल उघडल्या.

पहिली वासाला गोड, तोंडात गेली की पोकळ. बाद. दुसरी लगेच आवडावी अशी – पिकलं जांभूळ, तेंदूपत्त्याचा कोरडा वास, कुठं टोचत नाही, कुठं अडत नाही. तिसरी मात्र अंगावर आली. कच्च्या सुपारीसारखी जीभ आवळून धरली. वासही बंद. ऋत्विक दुसरी घेणार, पैजेवर सांगते. मीही घेतली असती. पण तिसरीच्या तळाशी काहीतरी दबा धरून बसलंय असं वाटत राहिलं. बुचं लावून ठेवली. उद्या बघू.

चाखायचं, तोंडात खळखळवायचं, थुंकायचं. गिळत नाही मी. एका दिवसात तीस-तीस वाईन चाखणारी माणसं गिळत बसली तर संध्याकाळी त्यांना उचलून न्यावं लागेल. जुनं पांढरं टमरेल घेतलंय थुंकायला. रंगही नीट दिसतो.

१० नोव्हेंबर

तिसरी उघडतेय! काल मुठी आवळून बसली होती, आज वास सुटला – ओल्या मातीचा, नवीन चामड्याचा, आणि खाली तेच जांभूळ, पण सालासकट, बियांसकट. दुसरी मात्र एका रात्रीत मलूल.

मॅडम म्हणतात, "ब्लॅककरंट" लिहायचं. मी ते फळ जन्मात पाहिलेलं नाही. पुस्तकात वाचून कसा वास येणार? माझ्या नाकाला जांभूळ येतं, मी जांभूळच लिहिणार.

गोड पांढऱ्यांपैकी पहिली नुसती काकवी. दुसरी सोटर्न गावची. मोसंबीची साल नखानं खरवडल्यावर येतो तो वास, केशर, आणि मागून आंबट कळ. ती कळ आहे म्हणून गोडाला अर्थ आहे. ही द्राक्षं मुद्दाम बुरशी येईपर्यंत वेलीवर ठेवतात. बाबांना सांगितलं तर विश्वास बसणार नाही – सारा जन्म बुरशी मारण्यात गेला त्यांचा.

गोडाचं ठरलं. लालचं अजून नाही. तिसरी आणखी एकदा बघायला हवी, ती टिकते की कोसळते.

जेवताना मी ठेचा बाजूला सारला. जीभ सांभाळायची आहे. शेजारच्या रुखमाकाकू भाजी द्यायला आल्या होत्या, त्या ताटाकडे बघत राहिल्या.

११ नोव्हेंबर

रुखमाकाकूंनी आज अंगणात गाठलं. "तिखट खात नाहीस. पहाटे उठते, वर जाते, थुंकाथुंकी चालू राह्यते तुही. काही असन तं सांग, पोरी. चुलतीले काय लाज?"

म्हटलं पित्त झालंय. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं – म्हणजे मधेच जास्त पाहिलं – आणि "पित्त," म्हणून निघून गेल्या. यांना बाटल्यांचा वास आला असावा. त्यांनी बाबांना सांगितलं तर संपलंच.

१२ नोव्हेंबर

एकादशी. आज चाखणार नव्हते. पण बाबा दुपारपासून देवळात कीर्तनाला, दिवस थोडे उरलेत. जाऊन येते.

१३ नोव्हेंबर

कालचं सगळं क्रमानं लिहून ठेवते.

काल मी तिसरी ओतली. वास घेतला – अहाहा! चौथ्या दिवशीही उभी, उलट आणखी खोल. घोट घेतला, तोंडात खळखळवला, टमरेलात थुंकले. दारात रुखमाकाकू, हातात मिरच्यांनी भरलेलं सूप, गच्चीवर वाळत घालायला आलेल्या. त्यांनी काय पाहिलं? पंपाशेजारी बसलेली, बोर्डोची बाटली उघडून पिणारी पोर आणि पांढऱ्या टमरेलात लालभडक.

सूप खाली पडलं. "धावा वं माय! पोरीनं औषध घेतलं! रक्त पडून राह्यलं!"

आमच्याकडे "औषध घेतलं" याचा एकच अर्थ होतो.

आई जिना चढून कशी आली कुणास ठाऊक. डोळ्यावरची पट्टी कुठं गेली तिलाच माहीत नाही. मी "अगं नाही –" म्हणेपर्यंत तिची दोन बोटं माझ्या घशात. मिठाचं पाणी, पाठीवर थापट्या, मला कुशीवर घालणं – तिला सगळं येत होतं, एकदाही चुकली नाही. ओकले. तेही लालच निघालं, तोंडात राहिलेलं. काकूंनी पुन्हा हंबरडा फोडला. "मले वाटलंच होतं! दिवस गेले असतीन पोरीले!"

तेवढ्यात बाबा अनवाणी धावत आले. कपाळाला बुक्का, गळ्यात माळ. आता तोंड मोकळं होतं. सांगता आलं असतं – बाबा, औषध नाही, दारू आहे. चार-पाच शब्दांचं काम. नाही निघाले. मरणाऱ्या मुलीवर बाप रागवत नाही, असं काहीतरी डोक्यात आलं असावं. मी डोळे मिटून घेतले. लाज वाटते लिहायला, पण विष घेतलेली पोर होणं त्या क्षणी सोपं वाटलं.

शेजारच्या जीपमध्ये घातलं, काकूही चढल्या. धाडच्या दवाखान्यापर्यंत रस्त्याचा खड्डान् खड्डा पोटात लागला. आईच्या मांडीवर माझं डोकं. बाबा समोर बसून तिचं मनगट आवळून होते. तिचं, माझं नाही! ओठ हलत होते, नाव देवाचं नव्हतं, आईचं होतं. "सत्यभामा, सत्यभामा," एवढंच.

गजेंद्रदादानं बाटली सोबत घेतली होती. औषध घेतलेल्या माणसाबरोबर त्याची बाटली न्यायची, हे इथं शाळेतल्या पोरांनाही कळतं. डॉक्टरांनी माझी नाडी पाहिली, डोळे पाहिले, मग तोंडाशी वाकून वास घेतला. मग बाटली उजेडात धरून लेबल वाचलं. आणि हसले.

"महादेवराव, पोरगी ठणठणीत आहे. हे औषध नाही. फ्रान्सची दारू आहे, उंची."

मग रुखमाकाकूंचा आवाज आला – "म्हंजे दिवस नाही गेले?"

बाबा बाहेर जाऊन पायरीवर बसले. मी दारातून पाहिलं, खांदे हलत होते. रडत होते ते. मी जवळ गेले तर उठून जीपकडे चालू लागले. परतताना ड्रायव्हरशेजारी बसले.

१४ नोव्हेंबर

बाबा बोलत नाहीत. घरात जेवतही नाहीत, डबा मळ्यात मागवतात. मी वाढलेलं पाणीसुद्धा तसंच राहतं.

आईला सगळं सांगितलं – नोकरी, तळघर, ऋत्विक, थुंकणं. तिनं ऐकून घेतलं. डोळा लाल झालाय तिचा, डॉक्टरांनी थेंब वाढवलेत. तो माझ्यामुळे. "त्याले येळ दे," म्हणाली फक्त.

दादानं उरलेल्या बाटल्या उकिरड्यावर ओतल्या. मी मळ्याच्या वाटेवरून पाहिलं, धावत जाऊन विचारलं तर म्हणाला, "बाबानं सांगितलं." सोटर्नसुद्धा! शेणात! मला इतका संताप आला की तिथंच ओरडले, "तुले माहीत तरी हाय काय ओतलंस ते?" तो म्हणाला, "बाबाले काय झालं होतं जीपमधी, ते तुले माहीत हाय काय?"

गावात पसरलंय. विहिरीवर दोघीजणी मला पाहून बोलायच्या थांबल्या. औषध घेतलं असतं तर दया तरी आली असती.

१५ नोव्हेंबर

मेल पाठवला. चाखायला काही उरलं नाही, पण जिभेला विसर पडलेला नाही. लाल – तिसरी. लिहिलं, ग्राहकासमोर ठेवण्याआधी चार तास काचेच्या सुरईत मोकळी करा, पहिल्या घोटावर तिला पारखू नका. गोड – सोटर्नची. वासात जांभूळ आणि मोसंबीची साल लिहिलं. ब्लॅककरंट नाही. गेलं तर गेलं.

१६ नोव्हेंबर

मॅडमचा फोन! ऋत्विकनं दुसरी निवडली होती. मॅडमनी तिन्ही लाल दोन दिवस आधीच उघडून ठेवल्या होत्या, आज सगळ्यांसमोर चाखल्या तर तिसरीच उभी. "तळघर तुझं. उद्यापर्यंत होकार कळव. आणि जांभूळ तसंच छापतोय."

उड्या मारायला हव्या होत्या. गच्चीवर जाऊन एकटीच बसले.

संध्याकाळी बाबा आले. चार दिवसांत पहिल्यांदा समोर उभे राहिले. वाटलं, आता परत ये म्हणतील. ते म्हणाले, "तुही आई सांगत होती. तोंडात घेऊन थुंकून देतेस तू?"

"हो बाबा. सगळी. एक घोट गिळत नाही."

"जमते काय असं?"

म्हटलं, जमतं, शिकवतात तसं. पुढचं ऐकायला थांबले नाहीत. विश्वासच नाही! आता माझाही संयम सुटला आहे. ज्या माणसानं आयुष्यात थेंबाला बोट लावलं नाही, तो मला जमतं की नाही विचारणार? माळ घालून जन्मलेल्यांना सोपं असतं. उद्या दुपारच्या एस.टी.नं जाते. होकार पुण्यातून कळवते, त्यांना पटो न पटो.

१७ नोव्हेंबर

आई केस विंचरून देत होती. कालचं तेच तेच मी पुन्हा बोलले – बाबांना काय कळणार म्हणून. तिचा फणी धरलेला हात थांबला. "तू रांगत होतीस तवा मी औषध घेतलं होतं, अपेक्षा. खरंखुरं. तुह्या बापाच्या पिण्यापायी. त्यानंच खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं मले. माळ त्याच्यानंतरची हाय." मग तिनं वेणी पूर्ण घातली आणि गाठ मारली.

दुपारची गाडी चुकेल. मी मळ्यात चाललेय.