तेजस्विनीचा गुडघा मी मोडलेला नाही

सातपूर, नाशिक
रविवार सकाळ

ती. मालनआत्यास,
संजनाचा सविनय जयभीम.

आम्ही इकडे सगळे ठीक आहोत. तुझा खांदा आता कसा आहे? गोळ्या वेळेवर घेतेस, की अंगणवाडीतून रिटायर झाल्यापासून शिस्त फक्त दुसऱ्यांसाठी ठेवली आहेस? कांद्याचे ट्रॅक्टर हल्ली तुझ्या गल्लीतून वळवतात असं पप्पा सांगत होते, तेव्हा संध्याकाळी ओट्यावर बसशील तर पाय आत घेऊन बस. हे सगळं मी फोनवरच विचारणार होते. पण तू माझा नंबर ब्लॉक केलास. (तुला ब्लॉक करायला ज्याने शिकवलं त्याचं नाव मला हवं आहे.) मग पप्पांच्या फोनवरून लावला, तर माझा आवाज ऐकून "राँग नंबर" म्हणालीस. आत्या, राँग नंबर म्हणताना माणूस नाक ओढत नाही.

शेवटी तुझा निरोप पप्पांकडून कळला. त्यांनी तो तुझ्याच आवाजात म्हणून दाखवला: "त्या पोरीला सांग नवनाथ, तेजस्विनीच्या पाया पडल्याशिवाय माझ्या दारात पाऊल टाकायचं नाय. लोकाच्या लेकीचा गुडघा मोडला आन् वर टीव्हीवर दात दाखवते!" म्हणून हे पत्र. माफी मागायला लिहीत नाहीये, आधीच सांगते. जे झालं ते सांगायला लिहितेय. आणि तू ते न वाचता फाडलंस तर हेच पत्र मी दर सोमवारी पोस्टात टाकीन. तुझी भाची आहे, कंटाळणार नाही.

तर पहिल्यापासून. कुस्तीतलं राज्य पातळीवरचं पदक घेऊन मी दोन वर्षं घरात बसले होते, तेव्हा 'महाधडक' या टीव्हीवरच्या कुस्तीच्या कार्यक्रमाची निवड चाचणी अंबडच्या एका जुन्या शेडमध्ये होती. सकाळी आठला बोलावलं आणि नंबर आला दुपारी तीनला, तोवर पोटात चहाशिवाय काही नाही. मयुरेश नावाचा एक पुण्याचा मुलगा आहे, तोच हा कार्यक्रम लिहितो. (सगळे डाव, सगळी भांडणं, कोण जिंकणार, कोण हरणार, सगळं. स्वतः मात्र पाण्याचा जार उचलायला दोन माणसं बोलावतो.) तो प्रत्येकीला म्हणत होता, "जरा चिडून दाखवा." माझ्यापाशी आला, माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही राहू द्या. तुमचं झालं." अशी मी कार्यक्रमातली वाईट बाई, जहरी जयमाला झाले. माझ्यानंतरची मुलगी सुरगाण्याच्या डोंगरातली, तेजस्विनी गावित. तिला चिडायला सांगितलं तर ती हसायला लागली आणि हसता हसता रडली. ती नायिका झाली.

आता हे नीट ऐक, कारण सगळी गोम इथेच आहे. तुला वाटतं तेजस्विनी मला मारते आणि मी तिला दगा देते. खरं असं आहे की नायिकेला नुसतं जिंकायचं असतं. तिने कुठून उडी मारायची, कधी पडायचं, पडताना मान कोणाच्या हातात असेल, हे सगळं वाईट बाई सांभाळते. मी तिला डोक्यावरून आपटते ना (ज्या दिवशी तू टीव्हीवर उशी फेकलीस, तो प्रसंग), तेव्हा माझा तळवा तिच्या डोक्याखाली असतो. तळव्याला घट्टे पडलेत, आलीस की दाखवते. दीड वर्षात मी तेजस्विनीला साधा ओरखडासुद्धा उठू दिला नव्हता. तिने मात्र तीन वेळा माझ्या पायावर पाय दिला, कारण ती मोजताना चारनंतर एकदम सहा म्हणते.

त्या शनिवारीही तेच झालं. सात वाजता थेट प्रक्षेपण, दीड-दोन हजार माणसं, आमचा पाचवा सामना. तिने कोपऱ्यातल्या खांबावरून माझ्यावर उडी मारायची होती. मी पाच म्हटल्यावर सरकून जागा घेणार होते आणि सहाला ती उडी मारणार होती, पण ती पाच गाळून चारलाच निघाली. मी झेलली, पण अर्धीच. तिचा उजवा गुडघा खाली वळला आणि जो आवाज झाला, तो आत्या, मला अजून भाकरी मोडतानाही ऐकू येतो.

मी तिला मागून धरलं. टीव्हीवर तुला दिसलं की मी तिचा गळा आवळतेय. प्रत्यक्षात मी तिच्या पाठीला आधार देऊन कानात विचारत होते, पाय हलतो का? ती म्हणाली, "नाय हालत, ताई." मी म्हटलं, पंचांना सांगते, थांबवू. तर तिने माझं मनगट असं धरलं की बोटांचे वळ उमटले. "थांबवू नको. आज मी जिंकणार म्हणून गावातून दोन जीपा भरून माणसं आली हायेत."

अजून अकरा मिनिटं बाकी होती. आणि जी उभी राहू शकत नव्हती, तिच्याकडून मला हरायचं होतं. इतक्या वर्षांच्या कुस्तीत मला कोणीही हा डाव शिकवला नव्हता.

मग मी स्वतःलाच मारायचं ठरवलं. आधी धावत जाऊन कोपऱ्यातल्या खांबाला खांदा दिला, जणू तेजस्विनीने ऐन वेळी चकवलं. (ती बसली होती, तशीच बसली होती.) मग दोरात पाय अडकवून पडले. मग तिला म्हटलं, हात वर धर, नुसता वर धर, आणि तिच्या त्या हातावर तीन वेळा धावत जाऊन तीन वेळा उताणी पडले. तिसऱ्या वेळी पुढच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "ही जयमाला इतकी मूर्ख कधीपासून झाली?" मला फार लागलं ते. पण तेजस्विनी खरोखरच रडत होती, आणि लोक म्हणत होते, काय काम करते पोरगी!

शेवटी तिच्या शेजारी जाऊन पडले, तिचा हात स्वतःच ओढून छातीवर घेतला आणि म्हटलं, आता हलू नको. आमचे पंच सहादूकाका, जुने तालमीतले. तिचं रडणं बघून त्यांनाही भरून आलं आणि ते मोजायचंच विसरले. (तीन म्हणेपर्यंत मी उठले नाही, तर हरले.) खालून मी म्हटलं, काका, मोजा! त्यांनी एक म्हटलं, दोन म्हटलं, आणि थांबले. नेहमी दोनला मी उसळून उठते, म्हणून ते माझी वाट बघत होते! "तीन म्हणा, काका, तीन!" असं मला ओठ न हलवता सांगावं लागलं. तेव्हा कुठे मी हरले.

लोकांनी तिला खांद्यावर घेऊन नाचवलं, म्हणून तिला चालता येत नाही हे कोणाच्या लक्षात आलं नाही. मी काकडीची सालं आणि एक अर्धं खाल्लेलं कणीस अंगावर घेत बाहेर पडले. आणि कपडे बदलायच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसून राहिले. अर्धीच झेलली, आत्या. ती चारला निघाली हे खरं, पण ती चारला निघते हे मला माहीत होतं. ते डोक्यातून जात नाही.

डॉक्टर म्हणाले, आठ आठवडे. सोमवारी मयुरेशने मला बोलावलं. त्याच्या टेबलावर एक पांढरा ड्रेस होता, सोनेरी काठांचा. तो म्हणाला, पुढच्या शनिवारी जयमालाला पश्चात्ताप होतो, ती लोकांसमोर रडते, चांगली होते. आता नायिका तूच. मी ड्रेस घालून आरशासमोर उभी राहिले. खरं सांगते, फार छान दिसत होता. वाटलं, आता तू मला तुझ्या ओट्यावरच्या बायकांसमोर "माझी भाची" म्हणशील. आमच्या कोपऱ्यावरची भाजीवाली माझ्याकडे बघून हसेल. मी पाच मिनिटं तशीच उभी होते.

मग विचारलं, "आणि तेजस्विनी परत येईल तेव्हा?"

"बघू," तो म्हणाला.

आत्या, हे 'बघू' मी ओळखते. पदकानंतर नोकरीसाठी ज्या ज्या टेबलापुढे उभी राहिले, तिथे तिथे हेच ऐकलं. कार्यक्रमात नायिकेची जागा एकच असते. मी चांगली झाले असते तर तिला परत यायला जागाच उरली नसती, आणि तिचा दोष काय, तर एक आकडा चुकला. मी ड्रेस उतरवून घडी घातली आणि म्हटलं, मला चांगलं व्हायचं नाही. मी शनिवारी सांगणार की सामना संपल्यावर दबा धरून तिचा गुडघा मीच मोडला, हरल्याचा राग काढला. मग लोक आठ आठवडे तिचीच वाट बघतील. मयुरेश म्हणाला, "लोक तुला रस्त्यावर धरतील." मी म्हटलं, धरू देत. त्याने एका हाताची नखं खात दुसऱ्या हाताने ते लिहून घेतलं.

तू पाहिलंस ते हे. तो गुडघ्याचा पट्टा हातात नाचवत मी जे खदाखदा हसले, ते. त्या हसण्याची तालीम मी तेजस्विनीसमोरच केली होती. ती म्हणाली, "ताई, अजून थोडं वंगाळ हास."

लोकांनी धरलंच. कोपऱ्यावरची भाजीवाली माझ्या पिशवीत किडकी वांगी मोजून टाकते. एका रिक्षावाल्याने मला द्वारकाच्या चौकात मधोमध उतरवलं आणि म्हणाला, चालत जा, गुडघे आहेत ना तुला. मालेगावहून जे स्थळ येणार होतं, त्या मुलाच्या आईने आमच्या दारात माझा चेहरा पाहिला आणि चपलासुद्धा न काढता परत गेली. (मुलगा जिन्यातून दोनदा वळून बघत होता. तो माझ्याच बाजूचा असावा. पण बोलला नाही, म्हणून त्याचाही विषय मी संपवला.) आणि तुझा भाऊ तेजस्विनीचं चित्र असलेला टी-शर्ट घालून कॉलनीत फिरतो. विचारलं तर म्हणतो, "मी घरात बाप, शनिवारी प्रेक्षक."

आता सगळ्यात मोठं गुपित. तेजस्विनी कुठे आहे? ज्या बिचारीसाठी तू रोज हळहळतेस, ती या क्षणी माझ्या पलंगावर पाय उशीवर ठेवून पडली आहे. तिची खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून मीच तिला आमच्याकडे आणली. मी सतरंजीवर झोपते. जयमालाच्या घरात तेजस्विनी दिसली तर सगळंच फसेल, म्हणून पडदे दिवसभर ओढलेले, आणि दवाखान्यात नेताना तिला स्कार्फ आणि वर हेल्मेट. तिला दोन्ही वेळा भात लागतो. आणि शनिवारी मला कोणी मारलं की ती टाळ्या वाजवते!

तू "बिचाऱ्या तेजस्विनीस" म्हणून चॅनेलच्या पत्त्यावर पाठवलेले डिंकाचे लाडूही घरी पोचले. मला त्यातला एकही मिळाला नाही, कारण तुझ्या चिठ्ठीत लिहिलं होतं, त्या जयमालेला कणही द्यायचा नाही. तेजस्विनीने तो भाग मला दोनदा वाचून दाखवला. तुझ्या हातचे लाडू माझ्याच घरात, आणि मी डब्याचा नुसता वास घ्यायचा!

असं आहे सगळं. पाया पडायचं म्हणतेस, तर रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या त्या पायाला तेल लावते, त्यात काय धरायचं ते धर. पण चांगली मी होणार नाही, तिचा पाय रिंगणात परत पडेपर्यंत तर नाहीच. तू दार लावलंस तर ओट्यावर बसेन, ट्रॅक्टर गेले तरी चालतील.

खांद्याची काळजी घे.

तुझी भाची,
संजना

ता. क. यातलं एक अक्षरही बाहेर बोलू नकोस. ओट्यावरच्या बायकांसमोर मला आतापर्यंत जशा शिव्या देत होतीस, तशाच देत राहा. एकदम गोड बोललीस तर त्यांना संशय येईल.

ता. क. २ एक मागणं आहे, खरं तर त्यासाठीच एवढं लिहिलं. येत्या अठ्ठावीस तारखेला, शनिवारी, तेजस्विनी परत येतेय. समोरासमोर सामना, मी हरणार. तू ये. सकाळच्या एसटीने निघ, ठक्कर बाजारला उतर, पप्पा घ्यायला येतील. पहिल्या रांगेतली एक खुर्ची मी मयुरेशशी भांडून घेतली आहे. तिथे बस आणि मला मनसोक्त शिव्या घाल. दोन हजार माणसं ओरडतात, आत्या, आणि त्यात ओळखीचा आवाज एकही नसतो. तुझा मला लगेच कळेल.

ता. क. ३ मी हरणार असं वर लिहिलंय, ते खरंच आहे. मयुरेशने तसंच लिहिलंय, तेजस्विनीच्या गावातून या वेळी तीन जीपा येणार आहेत, आणि तिला पाचपर्यंत मोजायला मी महिनाभर शिकवतेय. पण तू समोर बसलेली असताना एकदा, फक्त एकदाच, जिंकून दाखवावं असं मला फार वाटतं. दाखवणार नाही. तू मात्र तेव्हा उगाच रडू नकोस, नाहीतर तीन म्हणायच्या आत मी उठून बसेन.