बाहेरून लागलेली कडी

प्रिय दादा,

तू पाठवलेला स्वेटर बाबांना अगदी नीट बसला. आरशात बघून मला हळूच विचारलं, "हे गृहस्थ कोण?" मी म्हटलं, आपलेच आहेत. तर म्हणाले, मग त्यांना चहा विचार. हसलास ना? मीही हसले.

परवा दुपारी त्यांचा डोळा लागलेला बघून मी न्हाणीघरात फिल्म धुवायला गेले. झरोक्याला काळा पुठ्ठा, दाराच्या फटीत टॉवेल, फोन मुद्दाम बाहेर; त्याच्या एवढ्याशा उजेडानेही फिल्म वाया जाते. मिट्ट काळोखात ती रिळावर गुंडाळायची, रीळ डब्यात घालून झाकण लावायचं, मगच दिवा. तुला हे माझं खूळ वाटतं. पण दादा, "थांबा, आत्ता दार उघडता येणार नाही" असं मला या घरात फक्त तेव्हाच म्हणता येतं.

फिल्म अर्धी गुंडाळली असेल-नसेल, बाहेरून खटकन कडी लागली. हल्ली चोरांच्या धास्तीने ते दिसेल त्या दाराला कडी घालतात. बाबा, मी आत आहे, म्हणून ओरडले. पावलं लांब गेली. स्वयंपाकघरात भांडं पडलं. गॅस बंद केला होता की नाही, काही केल्या आठवेना. उरलेली फिल्म गुंडाळून डब्यात घातली, दिवा लावला, दार बडवबडव बडवलं. कोण येणार? फिल्म धुवायचं रसायन, डेव्हलपर, कालवून ठेवलेलंच होतं; ते डब्यात ओतलं. डबा हलवत बसले, रडत बसले. धुऊन झाल्यावर ओली फिल्म दिव्यासमोर धरली. बाबांची खुर्ची. बाबांचे हात. वाळत घातलेल्या चादरी. खिडकी, आणि पुन्हा खिडकीच. वर्षभर जमेल तसे काढलेले फोटो, आणि उंबऱ्यापलीकडचा एकही नाही.

शेवटी पावलं दाराशी आली. मला काय सुचलं कोण जाणे, आत्यासारखा आवाज काढून दरडावलं, "ए बाळ्या, मुकाट्यानं कडी काढ, नाहीतर आईला सांगेन!" कडी लगेच निघाली. बाबा हात पाठीमागे लपवून उभे होते. "आक्का, मारू नकोस," म्हणाले. मी त्यांना पोटाशी धरलं. तेव्हापासून मी आक्काच आहे. त्यांना एक मुलगी आहे, हे या घरात आता माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

फोनवर तू "बघू गं" म्हणतोस आणि मी "बरं" म्हणून मोकळी होते, म्हणून लिहितेय. जुन्या निगेटिव्ह जपणाऱ्या एका संग्रहालयात मला नोकरी मिळालीय, दुसऱ्या शहरात. मी होकार कळवून टाकलाय. पुढच्या महिन्यात निघेन. तू इथे राहायला ये, नाहीतर बाबांना तुझ्याकडे ने. काय ते तू आणि वहिनी ठरवा. ते तुला ओळखणार नाहीत. कोणत्या नावाने हाक मारतील, तेही सांगता येत नाही. ज्या नावाने मारतील, त्या नावाला ओ दे.

तुझीच,
धाकटी