डावं बटण

महदिया, ९ नोव्हेंबर

प्रिय सिहेम,

सलाम. तू आणि जावईबापू खुशाल असाल, तिकडे थंडी पडायला लागली असेल. इथे अजून दुपारी नुसत्या शर्टावर भागतं. तुझ्या आईचा गुडघा दुखतोच, पण गोळ्या घेते. मांजरीला पुन्हा पिल्लं झाली आहेत आणि तिनं ती माझ्या चपलांच्या खोक्यात ठेवली आहेत. हे पत्र शेजारच्या रिदाच्या हाती देतोय, तो रविवारी गाडी बोटीवर चढवून फ्रान्सला, ल्योंला निघेल. फोनवर लिहिण्यात अर्थ नाही. माझा फोन घरात कुणाच्याही हाती असतो, आणि चष्मा सापडला की तुझी आई सगळं वाचते.

तू विचारशील म्हणून आधीच लिहितो. नाही, अजून तिला सांगितलेलं नाही.

आता लॅपटॉपचं. हैथमच्या लॅपटॉपचं डावं बटण बिघडलं आहे. बोट फिरवायच्या पट्टीखाली दोन बटणं आहेत, त्यातलं उजवं चालतं. डावं खाली जातं आणि तिथेच बसून राहतं, टक् असा आवाज येत नाही. बाण पडद्यावर फिरतो, हवा तिथे नेता येतो, पण नेऊन उपयोग काही नाही. काहीच उघडत नाही.

मासळीबाजाराच्या मागे शुक्रीचं दुकान आहे, त्याला जाऊन विचारलं. लॅपटॉप नेला नव्हता, नुसतं तोंडी सांगितलं. तो म्हणाला, "काका, माझ्याकडे तीन औषधं आहेत आणि एकही कडू नाही." पहिलं म्हणजे बाहेरून माउस जोडायचा. दुसरं, पट्टीवर बोटानं टिचकी मारली की बटण दाबल्यासारखं होतं, ती सोय तो बसल्या जागी चालू करून देईल, पैसेही घेणार नाही. तिसरं, एखाद्या मोडीतल्या लॅपटॉपची पट्टी बटणांसकट काढून याला बसवायची.

मी म्हटलं, विचार करून सांगतो.

"अहो, बटण आहे ते. मुलीचं लग्न ठरवताय का?"

दुकानात दोघं-तिघं होते, ते हसले. मीही हसलो आणि घरी आलो. तुझ्या आईनं दारातच विचारलं, "काय म्हणाला?" मी म्हटलं, भाग मिळत नाही, तुनिसहून मागवावा लागेल. ती म्हणाली, "मग मागव ना, तिजानी. माझ्या तोंडाकडे काय बघतोस?"

मी शाळेत आयुष्यभर शास्त्र शिकवलं. दिवा का लागत नाही ते कसं शोधायचं, हे मुलांना शिकवलं. आणि इथे तीन सोपे उपाय असताना मी एकही करत नाही. का, ते तुला ठाऊक आहे, तरी एकदा लिहून टाकतो.

सप्टेंबरमध्ये, तुझा भाऊ घर सोडून गेल्यानंतर थोड्याच दिवसांनी, त्या लॅपटॉपवर फोन वाजला. तुझी आई स्वयंपाकघरातून धावत आली. चष्मा नव्हता, नाव दिसलं नाही, हिरव्या खुणेवर बाण नेऊन ती बटण दाबत राहिली. फोन वाजून वाजून बंद झाला. तो फोन तू केला होतास, आईशी बोलायला म्हणून. तू मला तसं नंतर सांगितलंस. पण तोवर तिनं सगळ्या गल्लीला सांगून टाकलं होतं की हैथमचा फोन आला होता, घेता आला नाही. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी लॅपटॉप उघडून त्याच्यासमोर बसते. ओल्या फडक्यानं पुसते, चार्जर लावते, आणि बसते. म्हणते, "तो करतोय गं बाई फोन, आपलंच यंत्र मेलंय." हे ती समोरच्या घरातल्या फात्माला म्हणते, रिदाच्या आईला म्हणते. त्या मान हलवतात. गावात सगळ्यांना ठाऊक आहे, सिहेम. कुणी तिला सांगत नाही, कारण ते माझं काम आहे.

आपल्याकडे कुणी कागदपत्रांशिवाय होडीत बसून समुद्रापलीकडे युरोपात निघाला की "तो जळला" म्हणतात. तू एकदा हैथमला चिडवलं होतंस, "जळता कसले रे, पाण्यातून तर जाता!" तुझी आई अजून कुणी विचारलं की अभिमानानं सांगते, "हैथम? जळला तो." म्हणजे गेला, पोचला असेल, कुठेतरी सफरचंदं तोडत असेल. इतर बायका त्या शब्दावर आता खाली बघतात.

समुद्रात सापडलेल्यांशी रक्ताचं नातं जुळतं का ते तपासायला स्फाक्सच्या इस्पितळात मी गालाच्या आतून फिरवलेला कापूस देऊन आलो, ते तिला माहीत नाही. उत्तर आलं तेही माहीत नाही. ज्या दिवशी मी तिला सांगितलं की मामेभावाकडे जैतून, म्हणजे तुमचे ऑलिव्ह, काढायला जातो, त्या दिवशी मी त्याला मातीत ठेवत होतो. तुला फोन तिथूनच केला. तू म्हणालीस, आईला सांगेपर्यंत मी घरी फोन करणार नाही, मला तिच्याशी खोटं हसून बोलता येणार नाही. तुझं बरोबर आहे. पण मग या घरात दोन्ही मुलांचे फोन बंद झाले.

मी तुझ्या आईला घाबरत नाही. बटणाला घाबरतो. ते बिघडलेलं आहे तोवर हैथम फोन करतोय आणि आम्हाला घेता येत नाही. ते दुरुस्त झालं की तो फोन करत नाही. मला एवढंच कळतं. तुला हे वेड्यासारखं वाटेल.

आज एवढंच. डोळे दुखतायत.

१३ नोव्हेंबर

रिदाची गाडी बिघडली, तो आता उद्या निघणार. म्हणून पत्र घरीच राहिलं होतं. पुढे लिहितो.

गुरुवारी तुझ्या आईनं लॅपटॉप टॉवेलात गुंडाळला आणि माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाली, "तुनिसहून भाग यायला काय उंटावरून येतोय? तू नेतोस का मी नेऊ?" मी नेला. शुक्रीनं बाजूला ठेवून घेतला, म्हणाला उघडून बघतो आणि फोन करतो.

शुक्रवारी मी नमाजाला गेलो. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून गेलो होतो. येताना पाव घेतला, वाटेत रिदाच्या वडिलांशी बोलत थांबलो. घरी आलो तर तुझी आई अंगणात बसली होती. समोर हिरव्या जैतूनचं घमेलं. ती ते दगडानं फोडून मिठाच्या पाण्यात टाकत होती सकाळपासून. आता दगड हातात होता आणि हात चालत नव्हता.

"फोन आला होता."

मी विचारलं कुणाचा.

"नाव नाही सांगितलं. तुझी चौकशी केली. म्हटलं मशिदीत आहेत. तर म्हणाला, मग निरोप द्या. म्हणाला, सांगा काकांना, तो जळलेला नाही. पाण्यानं गेलाय. आत सगळं मीठ धरलंय. पूर्वीसारखा होणार नाही म्हणाला. येऊन घेऊन जा म्हणाला."

हे तिनं एका सुरात सांगितलं, एखाद्या मुलानं पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं. मग म्हणाली, "मी विचारलं, कुठून घेऊन जायचं? तर हसला तो. म्हणाला, कुठून म्हणजे, माझ्याकडूनच की. हसला, तिजानी."

मला क्षणभर काहीच कळलं नाही. मग सगळं कळलं. पाव माझ्या हातातच होता.

सिहेम, त्या वेळी मला वाटलं की झालं. मला तोंड उघडावंच लागलं नाही. कुणीतरी तिला सांगून टाकलं, आणि जे सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. मी नुसता तिच्याजवळ बसलो असतो, खांद्यावर हात ठेवला असता, तर संपलं असतं. मी खरंच बसलो. हातही ठेवला. पण ती माझ्याकडे वळून म्हणाली, "त्या माणसाला सांग, मेलेल्या पोराच्या आईशी बोलताना हसू नये." आणि मला ते सहन झालं नाही. शुक्रीनं तिला दुखवायला काही केलं नव्हतं. आणि हैथमची बातमी त्याच्या आईला एका लॅपटॉपवाल्याच्या निरोपातून कळावी, तीही चुकून, हे मला बरं वाटेना.

मी म्हटलं, "मबरूका, तो शुक्री होता. तो लॅपटॉपबद्दल बोलत होता. बटणात पाणी गेलंय, आतल्या पांढऱ्या गंजाला तो मीठ म्हणतो."

तिचा चेहरा मी तुला लिहून सांगू शकत नाही. तिनं दगड खाली ठेवला. "लॅपटॉप?" म्हणाली. "लॅपटॉप जळला नाही म्हणाला?" आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. माझ्या दंडावर चापट मारली. "तोंडाला आग लागो त्याच्या! सरळ नाव सांगायला काय होतं? माझा जीव गेला असता!" मग उठायला लागली, गुडघ्यावर हात देऊन. म्हणाली, चल, ताट वाढते, मासळी थंड झाली.

मी तिचा हात सोडला नाही. म्हटलं, "बस."

ती बसली.

मग मी सांगितलं. कोणते शब्द वापरले ते आठवत नाहीत. आठवले तरी लिहिणार नाही.

माझं झाल्यावर तिनं विचारलं, शेवटची आंघोळ कुणी घातली. मी म्हटलं, इमाम आणि मी, वरून पाणी ओतलं, हात लावण्यासारखं नव्हतं. तिनं विचारलं, थंड की कोमट. मी म्हटलं कोमट. ते खरं होतं. तिथल्या एका घरातून बाईनं तापवून दिलं होतं. त्या बाईचं नाव विचारून घे म्हणाली.

मग म्हणाली, "आणि मला जैतूनचं सांगितलंस. परत आलास तेव्हा मी तुझे पाय चेपले. थकलास म्हणून."

"सिहेमला ठाऊक आहे?"

"हो."

"म्हणून फोन करत नाही ती?"

"हो."

"मला वाटलं मी तिला काही लागेलसं बोलले. रोज आठवून बघत होते, काय बोलले असेन."

हे तुला वाचून त्रास होईल, पण तू विचारलं असतंस तर मला सांगावंच लागलं असतं.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. जेवण वाढते, गोळ्या घेते, फात्मा आली की दार उघडते. बायका येऊन बसतात, कुराण लावतात, ती त्यांना चहा देते. रडलेली नाही. माझ्यावर ओरडलीही नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. शुक्री काल आला होता. त्याला बाजारात कळलं. दारात उभा राहून नुसता "काका, काका" करत होता, डोकं वर करेना. तिनंच त्याला आत बोलावलं, बसवलं. म्हणाली, "तुझं काय चुकलं, पोरा? तू खरं तेच सांगितलंस." तो मुलासारखा रडला. तिनं त्याच्यासमोर खजुराची ताटली सरकवली. लॅपटॉपचं मात्र तिनं विचारलं नाही, त्यानंही काढलं नाही. तो त्याच्याच दुकानात आहे. आणायचा का, मला माहीत नाही. मी तिला विचारायला धजत नाही.

येत्या शुक्रवारी तिला कबरीवर नेणार आहे. अजून तिथे नुसता क्रमांक आहे, नाव नाही. दगडावर काय लिहायचं ते तिनं ठरवावं असं मला वाटतं.

तू घरी फोन कर, सिहेम. माझ्या फोनवर नको, ती तो हातात घेत नाही आता. फात्माच्या फोनवर कर, दुपारच्या नमाजानंतर, तेव्हा तुझी आई तिच्याकडे असते. ती बोलली नाही तरी ठेवू नकोस. तुला जे बोलेल ते माझ्या वाट्याचं असेल, ऐकून घे. तुझ्याजवळ तरी ती रडेल असं मला वाटतं. माझ्यासमोर रडणार नाही, आणि मी तिला तसं म्हणूही शकत नाही.

रजा मिळाली तर ये. नाही मिळाली तरी ये.

जावईबापूंना सलाम सांग. अल्लाह तुला सांभाळो.

आता एकट्या तुझाच,
बाबा