अकरा नंबरचे कागद

सर,

आज रविवार. कॉलेज बंद आहे. जेवणाची भांडी घासून ओट्यावर पालथी घातली आणि स्वयंपाकघरातच पाट घेऊन बसले आहे. समोर चार फुलस्केप कागद आहेत. पहिल्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं अकरा हा आकडा आहे, तुमच्या हातचा. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. हे कागद बावीस वर्षांपूर्वी तुमच्या हातून हरवले, असं सगळ्यांना माहीत आहे. ते तुम्ही हरवले नव्हते. माझ्याकडे होते.

आमचे मालक गेल्यावर त्यांच्या जागी मला घ्यावं म्हणून अर्ज तुम्हीच लिहिलात. इंदापूरच्या आमच्या खोलीवर तुम्ही आला होता, दारातच चपला काढून उभे राहिलात आणि म्हणालात, "इथं सही करा." मी सही करायला इतका वेळ लावला की तुम्ही उगाच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलात. मालकांनी नऊ वर्षं त्याच ग्रंथालयात पुस्तकांची धूळ झटकली, दर वर्षी कॉलेजच्या अंकाचे गठ्ठे बारामतीहून एसटीच्या टपावर टाकून आणले. मी त्यांच्याच खुर्चीवर बसायला लागले. पोरं मला मावशी म्हणायची, ऑफिसातले भाऊसाहेबही मावशीच म्हणायचे. तुम्ही एकटे बाई म्हणायचा. आमच्याकडे बाई म्हणतात ते शाळेतल्या मास्तरणीला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मागं कोण उभं आहे म्हणून मी वळून बघितलं होतं.

दिवाळीची सुट्टी संपली की अंकाचं काम सुरू व्हायचं. पोरं लिहिलेलं आणून पेटीत टाकायची. तुम्ही आणि दोन विद्यार्थी संपादक ग्रंथालयातल्या लांब टेबलाशी बसून एकेक कागद वाचायचा. प्रत्येकावर लाल पेन्सिलीनं नंबर, तोच नंबर वहीत, नंबरापुढं नाव. जे घ्यायचं नाही ते परत करताना तुम्ही हातानं चिठ्ठी लिहून जोडायचा. एवढ्या चिठ्ठ्या कशाला, असं एका संपादकानं विचारलं तर म्हणालात, "त्यानं हातानं लिहून दिलंय ना? मग." प्रूफं बारामतीच्या प्रेसवरून यायची. ती आणायला आणि पोचवायला मी जायचे. निमगाव केतकी, जंक्शन अशी गावं करत एसटी जायची आणि मी ती पिशवी मांडीवरून खाली ठेवायची नाही.

एकदा दोन्ही संपादकांची परीक्षा होती आणि प्रूफं तर तपासायची होती. तुम्ही समोरची खुर्ची ओढलीत. "बसा बाई. वाचा."

"मला जमंल का सर?"

"सातवी झालीय ना?"

"व्हय, पण तिला लई वर्षं झाली."

"अक्षरं तीच आहेत अजून."

मी मुलांच्या कागदावरचं मोठ्यानं वाचायचं आणि तुम्ही प्रुफावर पेन्सिल धरून ऐकायचं. स्वल्पविराम आला की 'स्वल्प' म्हणायचं, पूर्णविराम आला की 'पूर्ण', आणि नवा परिच्छेद आला की टेबलावर बोट वाजवायचं. पहिल्या दिवशी दोन पानांना दुपार गेली. तुम्ही एकदाही घड्याळ बघितलं नाही. मग दर वर्षी ते काम माझ्याकडेच आलं. त्यातच तो दिवस आहे, जो मला अजून आठवतो. एका मुलानं आजीवर लिहिलं होतं. आजी म्हणते, 'मला न्हाय जमायचं.' मी वाचलं, 'मला नाही जमायचं.' तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत.

"काय लिहिलंय तिथं?"

"न्हाय लिवलंय. पण छापायचंय म्हणून मी जरा..."

"बाई, जे लिहिलंय ते वाचा. तुम्हाला वाटतं ते नको."

आवाज चढलेला नव्हता. तरी माझे कान तापले. चहा आणायच्या निमित्तानं मी बाहेर गेले आणि नळावर उगाच कपबशा विसळत राहिले. सर, तुमचं तेवढं एक वाक्य मी नीट ऐकलं असतं, तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

त्या वर्षी निरवांगीची ती मुलगी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला होती. पहिल्या गाडीनं यायची, म्हणून ग्रंथालय उघडताना मी आणि ती दोघीच असायचो. शेवटच्या टेबलाशी बसायची. लिहिलेलं पेटीत टाकल्यापासून रोज विचारायची, "मावशी, माझं लागलं का ओ?" मी म्हणायचे, "मला काय ठाऊक, सरांना इचार." तिनं ते पेटीत टाकायच्या दोनच दिवस आधी भाऊसाहेब वर्तमानपत्र न्यायला आले होते. मी ते टेबलावर पसरून, ओळीखाली बोट धरून वाचत होते. ते म्हणाले, "काय मावशी, पेपर वाचताय का निवडताय?" आजूबाजूची पोरं हसली. मीही हसले. ती मुलगी हसली का नाही, ते मी बघितलं नाही.

पुढच्या आठवड्यात तुम्ही संपादकांना म्हणालात, "अकरा नंबर पहिला घ्या. ह्या वर्षी असं दुसरं काही आलं नाही." आणि सगळी फाईल बारामतीला न्यायला माझ्याकडे दिलीत. पहिलं म्हणजे काय असेल, म्हणून मी फाईल उघडली. वर नाव होतं, 'मावशी वाचते.' सुरुवातच भाऊसाहेबांच्या त्या बोलण्यानं होती. वाचताय का निवडताय. पुढं माझं बोट, माझे हलणारे ओठ, माझं एका ओळीवर तीन तीनदा मागं येणं. सगळं होतं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर मी थांबले. ही पोरगी माझ्याकडून घोटभर चहा पिते आणि हे लिहिते, आणि सर हे पहिल्या पानावर छापणार, आणि मालकांनी वाहिले तसले गठ्ठे मी वाहून आणणार, आणि गावभर वाटणार. एवढंच डोक्यात आलं. मी ते चार कागद काढले आणि पिशवीत डब्याखाली घातले.

प्रेसवाल्यानं दुसऱ्या दिवशी फोन केला. अनुक्रमात अकरा नंबर आहे, फाईलीत नाही. तुम्ही तीन दिवस शोधलंत. कपाटं रिकामी केलीत, स्वतः स्टुलावर चढून वरचे गठ्ठे उतरवलेत. मी ते स्टूल धरून उभी होते. तुम्ही वरून विचारलंत, "बाई, फाईल दिली तेव्हा ते होतं ना त्यात?" मी म्हणाले, "मी उघडली न्हाय सर." धुळीनं तुम्हाला शिंका येत होत्या आणि मी पदरानं तुमचा चष्मा पुसून दिला. हे मला राहून राहून आठवतं. चोरी केली त्याच्यापेक्षा चष्मा पुसून दिला, त्याची लाज जास्त वाटते.

मग तुम्ही तिला ग्रंथालयात बोलावलंत. माझ्यासमोरच.

"तुझा लेख माझ्या हातून गहाळ झाला. चूक माझी आहे. पुन्हा लिहून देशील?"

"कच्चं न्हाय सर माझ्याकडं. एकदाच लिवलं व्हतं."

"आठ दिवस अंक थांबवतो."

ती टेबलावरची खपली नखानं काढत राहिली. "परत तसं न्हाय यायचं, सर."

वहीत अकरा नंबरपुढं तुम्ही लिहिलंत, 'माझ्या हातून गहाळ.' खाली सही. भाऊसाहेब म्हणाले, "सर, तुमचं संपादकीय बरं कधी हरवत न्हाय!" आणि तुम्ही सगळ्यांबरोबर हसलात. तिनं पुढच्या वर्षी पेटीत काही टाकलं नाही. मग लग्न होऊन गेली.

अंक छापून आला. गठ्ठा सोडून पहिली प्रत तुम्ही माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "आतलं पान बघा." संपादक मंडळाच्या खाली एक ओळ होती, मुद्रितवाचन साहाय्य, आणि पुढं माझं नाव. मधे मालकांचं नाव. नऊ वर्षं त्यांनी हे अंक पाठीवर वाहिले, त्यांचं नाव कुठं छापलं नव्हतं. त्या वर्षी, नेमकं त्या वर्षी, ते छापलं गेलं. मी पाया पडायला वाकले तर तुम्ही मागं सरलात. तेव्हा सांगता आलं असतं. नोकरी जाईल म्हणून भ्याले, हे खरं. पण तेवढंच खरं नाही. तुम्ही मला बाई म्हणायचं थांबवाल, ह्याला जास्त भ्याले.

ते कागद मी पत्र्याच्या पेटीत, मालकांच्या कपड्यांखाली ठेवले. फाडायला हात झाला नाही. तोवर मला वाचायची सवय लागली होती. कथा, प्रवास, चरित्रं, समजेल तेवढं, एकेक कप्पा करत मी पुढं जात होते. चारेक वर्षांनी एका मे महिन्यात कपड्यांना ऊन दाखवायला पेटी उघडली आणि कागद हाताला लागले. ह्या वेळी शेवटपर्यंत वाचले. चौथ्या पानावर तिनं लिहिलं होतं, 'आम्ही पानं उलटतो. मावशीच्या बोटाखालून एक अक्षर निसटत नाही. ह्या ग्रंथालयात खरं वाचणारं माणूस एकच आहे आणि त्याच्या नावावर पुस्तक घ्यायचं कार्ड नाही.' पहिल्या वेळी मला अक्षरं येत होती. जे लिहिलंय ते मी वाचलंच नव्हतं, मला वाटलं तेच वाचलं होतं.

बारामतीच्या दवाखान्यात तुम्हाला भेटायला आले, तेव्हा सांगायचं ठरवूनच आले होते. तुम्ही खाटेवर अर्धे उठून बसला होतात, हात अगदी काडी झालेले. अंक कुठवर आला, असं विचारलंत. मग थोडं थांबून म्हणालात, "माझं कपाट आता तुमच्या ताब्यात, बाई. नीट बघा. कुणाचं काही सापडलं तर ज्याचं त्याला द्या." मी म्हणाले, "व्हय सर." तेवढ्यात नर्स आली. तुम्हाला माहीत होतं का, हे मी आजवर ठरवू शकले नाही.

आता गेल्या सोमवारचं सांगते. ॲडमिशनच्या रांगेतून एक बाई उठून ग्रंथालयात आली आणि म्हणाली, "ओळखलं का मावशी?" केस पुढं पांढरे झालेत, पण मी आवाजावरून ओळखलं. बारामती एमआयडीसीत एका डेअरीत दूध तपासायच्या कामाला आहे. लेकीला आपल्याच कॉलेजात घालते आहे. शेवटच्या टेबलाशी जाऊन हात फिरवला आणि म्हणाली, "गुरुवारी परत येते, दाखले द्यायचेत." मला दोन दिवस जेवण गेलं नाही. गुरुवारी कागद पिशवीत घेतले. ह्या वेळी डब्याखाली नाही, वेगळ्या कप्प्यात. घरापासून कॉलेजपर्यंत चालत मनात घोकलं, मी घेतले होते, मला राग आला होता, माझं चुकलं. तीनच वाक्यं होती.

ती आली. मी कागद पुढं केले. आणि माझ्या तोंडातून निघालं, "सरांच्या कपाटात सापडलं बघ."

तिनं ओढणीला हात पुसून कागद घेतले. आधी हसली. दुसऱ्या पानावर हळदीचा तेलकट डाग आहे, माझ्या डब्याचा. "आगं बाई, सरांनी ह्याच्यावर डबा खाल्ला का काय!" मग हसू गेलं. ती लाल आकड्याकडं बघत राहिली. "म्हंजे हरवलं न्हवतंच. त्यांनीच ठिवलं व्हतं." तिनं पान उलटलं. "छापायचं न्हवतं तर सरळ सांगायचं की मावशी. सगळ्यांना चिठ्ठी लिवायचे. मला म्हणाले, चूक माझी. किती वर्षं मी म्हणायचे, असा माणूस दुसरा न्हाय."

सर, तिथं तरी मी बोलायला हवं होतं. तेवढ्यात तिनं विचारलं, "तुमच्यावरच लिवलं व्हतं मी. तुमी वाचलं का?"

आणि मी म्हणाले, "मला कुठं एवढं वाचाया येतंय."

तिनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात कीव होती. बावीस वर्षांपूर्वी मला ती त्या कागदांत दिसली होती आणि तिथं ती नव्हती. आता होती, मी स्वतः आणलेली. कागद तिनं टेबलावर ठेवले. "ऱ्हाऊ द्या कपाटातच. काय करायचंय आता." लेक दारातून हाका मारत होती, ती गेली.

आता अंक फोनवर येतो. कुणी कुणासमोर बसून मोठ्यानं वाचत नाही. पण हे पत्र मी आत्ता तसं वाचून बघितलं. स्वल्प, पूर्ण, बोट वाजवणं, सगळं. कागद काढल्याच्या ओळीत मी आधी लिहिलं होतं, 'काय करतेय ते न कळून.' ते खोडलं. मला कळत होतं.

तिचा नंबर लेकीच्या फॉर्मवर आहे. मी बघून ठेवलाय, पाठही झालाय. हे सगळं तिलाच लिहायला हवं, तेही मला कळतं. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही उलटून काही विचारणार नाही.