पेचकसाची मूठ

ता. ९, मंगळवार

ठमे,

आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे उठतो-बसतो. माझे गुडघे कुरकुरतात, पण माझ्यापेक्षा कमीच. तू बरी असशील असं धरून चालते, कारण कळवत तर काही नाहीस. अक्षर माझंच आहे. चौथीत शाळा सुटली तेव्हा निम्मे काना-मात्रा तिथेच राहिले, तेव्हा अडशील तिथे अंदाजाने वाच. फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर तू मला मध्येच तोडतेस. पत्राला तोडता येत नाही.

आधी कामाचं. गाडीचा निकाल लागला. गिअरबॉक्सचा सगळा खर्च डीलरने करायचा असं पंचाने ठरवलं. तुला काही पडणार नाही. शनिवारी गाडी मिळेल. म्हणजे घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचं तुझं काम टिकलं, आणि गाडी नाही तरी काम काढू नका म्हणून त्या लॅबवाल्या बाईपुढे रोज हात जोडायलाही नकोत. हेच हवं होतं ना? झालं.

आमच्याकडे बाकी ठीक. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी नवा सोफा घेतला, तो जिन्यात अडकला आणि तीन बिऱ्हाडं दुपारपर्यंत आत कोंडली गेली. तुझे आजोबा असते पूर्वीचे, तर खाली उतरून दोन पेच ढिले करून त्यांनी तो काढला असता. ते खिडकीत बसून होते.

हे बघ, ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही, आणि या पत्रात मी तेच करतेय. तेव्हा त्या दिवशी डीलरच्या शेडमध्ये काय झालं ते सरळ लिहिते.

गाडी ह्यांनी पास केली होती, म्हणून पंचाने ह्यांनाच बोलावलं होतं; आम्ही बसने गेलो. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तो लांब पेचकस फडक्यात गुंडाळून बरोबर घेतला होता. "तो कशाला?" मी हातानेच विचारलं. म्हणाले, "गाडी तपासायला चाललोय, लग्नाला नाही." त्यांची पद्धत तू लहानपणापासून पाहिली आहेस. पेचकसाचं टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. लोखंडातून आवाज चढतो आणि आत काय झिजलंय ते कळतं. डॉक्टर छातीला नळी लावतात त्यातलाच प्रकार, फक्त फी कमी. लांबलांबून लोक त्या पेचकसापाशी गाड्या आणायचे. तूही म्हणूनच त्यांना घेऊन गेलीस गाडी निवडायला.

पंच म्हणजे जुन्या गाड्या विकणाऱ्यांच्या संघटनेने नेमलेला माणूस. चष्मा कपाळावर आणि शोधतोय टेबलावर. डीलर मात्र पक्का. तोंडात साखर घोळवत म्हणाला, "साहेब, मी फसवलं कुठे? उस्तादांनी स्वतः ऐकून गाडी पास केली. कागदावर त्यांची सही आहे. या धंद्यात त्यांचा शब्द म्हणजे शिक्का. त्यांनी ठणठणीत म्हटल्यावर मी कोण बोलणार?"

कौतुकाने गळा कसा कापतात ते मी त्या दिवशी पाहिलं. विकताना त्यानेच जाड तेल भरून आवाज दाबला होता. तुझ्यामाझ्या कानाला तो कळला नसता. पण पेचकसातून कळायलाच हवा होता.

पंच म्हणाला, "गाडी सुरू करा. काय बिघडलंय ते बाबांनाच दाखवू द्या."

गाडी सुरू केली ती ह्यांच्याच जुन्या चेल्याने. आता तो डीलरकडे मोठा मेकॅनिक आहे, पोट सुटलंय, पण ह्यांच्यासमोर अजून हात मागे बांधून उभा राहतो. गाडीने अशी घरघर काढली की जात्यात कुणी खिळे टाकलेत असं वाटावं. रस्त्यावरचं कुत्रं उठून गेलं. तुझे आजोबा वाकले, टोक टेकवलं, मूठ कानामागे लावली, डोळे मिटले. सगळी शेड थांबली.

मग डोळे उघडून म्हणाले, "ठणठणीत आहे."

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं, ठमे. कुणीही हसलं नाही. चेल्याने मान फिरवली. डीलर छताकडे बघायला लागला. हे एकेकाच्या तोंडाकडे बघत गेले आणि शेवटी माझ्याकडे. माझं तोंड काही मला आवरता आलं नाही.

त्यांना ऐकू येत नाही. थोडं नाही, काहीच नाही. एकदम गेलं नाही, कडेकडेने फाटत गेलं, चादर फाटते तसं. आधी दाराची घंटा गेली, मग पाखरं, मग मी. चारचौघांत मी शेजारी बसून कोपर लावते. एकदा लावलं की हो म्हणायचं, दोनदा लावलं की नाही. आमचा संसार शेवटी शेवटी कोपरावर चाललाय. कानाचं मशीन घ्या म्हणून मी डोकं फोडलं. म्हणायचे, "कानात मशीन घातलेल्या कारागिराकडे गाडी कोण आणेल?" आणि मला शपथ घातली, घरात कुणाला कळता कामा नये. तुला तर नाहीच. तुझ्यापुढे त्यांना मोठं राहायचं होतं. गाडी घ्यायला गेलात तेव्हा मी बरोबर नव्हते. तू त्यांच्या हाताला धरून नेलंस आणि त्यांना कोपर लावायला कुणी नव्हतं.

असो. पंचाने गाडी बंद करायला लावली आणि नियम वाचला. गिऱ्हाइकाच्या माणसाने तपासून घेतलेली गाडी असेल तर खर्च गिऱ्हाइकाचा. पण तपासणारा माणूस त्या कामाला लायक नव्हता असं निघालं, तर ती तपासणी धरायची नाही, आणि खर्च विकणाऱ्याचा. "तसं काही आहे का, आजी?" त्याने मला विचारलं. माणूस वाईट नव्हता. त्याला कळलं होतं. मी म्हणावं म्हणून थांबला होता.

मी एक वाक्य बोलले असते की तुझी गाडी सुटत होती. मी बोलले नाही. तुझं काम जाईल हे मला माहीत होतं, तरी तोंड उघडलं नाही. राग येत असेल तर येऊ दे.

हे म्हणाले, "काय म्हणतोय तो?" मोठ्याने. त्यांचा आवाज त्यांनाच कळत नाही. मला वाटलं काहीतरी थाप मारावी. पण इतकी माणसं, त्यांचा तो इस्त्रीचा शर्ट. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि पंचाचं बोलणं ओठांनी सावकाश सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. नियम सांगितला. तुझं कामही सांगितलं.

त्यांनी फडक्याने पेचकस पुसला, टोकापासून मुठीपर्यंत, आणि चेल्याच्या हातात दिला. म्हणाले, "तू ठेव."

मग पंचाकडे वळले आणि म्हणाले, "मला ऐकू येत नाही. लिहून घ्या." इतक्या मोठ्याने बोलले की बाहेर फुटपाथवरची माणसं थांबून आत बघायला लागली. शेडमधल्या ज्या माणसांनी पन्नास वेळा त्यांच्या पाया पडून धंदा शिकला, त्या सगळ्यांसमोर.

डीलर पुटपुटला, "आधी सांगायचं ना, आजोबा."

मी म्हटलं, "त्यांचे कान गेले होते, तुझे डोळे गेले होते का रे? शिसं ओतल्यासारखं तेल कुणी भरलं, मी?" त्याने सही केली.

येताना बसमध्ये हे खिडकीकडे तोंड करून बसले. मी कोपर लावलं तर सरकून बसले. तेव्हापासून कोपऱ्यावरच्या गॅरेजात जात नाहीत. तिथली पोरं बोलवायला येतात, "उस्ताद, चला, जरा बघा." हे हात जोडून नाही म्हणतात. पोरं चांगली आहेत. तेच वाईट आहे.

परवा मी पुन्हा म्हटलं, आता काही लपवायचं राहिलं नाही, तर घ्या ते मशीन. म्हणाले, "आता कशाला? ऐकायचं काय राहिलंय?"

आता शेवटचं. हे लिहायचं नव्हतं, पण त्याच्यासाठीच पत्र मांडलं. गाडी बंद पडली त्या दिवशी तू घरी आलीस. पाठमोरी वाकून बूट घालत तू त्यांना विचारलंस, "डीलरने तुम्हाला किती दिले, आजोबा?" ते तुझ्याकडे बघून हसले आणि हो-हो म्हणाले. ज्याचं तोंड दिसत नाही त्याला ते असंच हसून हो म्हणतात. तू दार आपटलंस ते त्यांना जमिनीतून कळलं. मला म्हणाले, "वारा सुटलाय वाटतं." मी ओल्या हाताने बाहेर येईपर्यंत तू रस्त्याला लागली होतीस.

तू काय विचारलंस ते मी त्यांना सांगितलेलं नाही. मरेपर्यंत सांगणार नाही. ते समजतात तू गाडीमुळे रागावली आहेस, आणि तुझं बरोबरच आहे असंही म्हणतात.

उचलली जीभ लावली टाळ्याला, हे तू माझ्याकडूनच घेतलंस, तेव्हा शिव्या तरी कुठल्या तोंडाने देऊ? माफी मागायला येऊ नकोस. माफी मागितलीस तर कशाची ते सांगावं लागेल. शनिवारी गाडी घे आणि तशीच इकडे ये. आल्यावर खिडकीपाशी उजेडात बस, त्यांच्या अगदी समोर, आणि केस तोंडावर येऊ देऊ नकोस. गाडी कशी चालते ते विचारतील. सावकाश सांग. मी कोपर लावणार नाही.

तुझी,
फटकळ म्हातारी, जी त्या दिवशी तुझ्या बाजूने बोलली नाही